तोलाराची वही

काडाप्पा सर एकच विचारतात, "ॲव्हरेज एष्टु?"
मी वही उघडतो. नसीमा नायकवडी:
बासष्ट वेळा बॅट, पंधरा हिट.
शेकडा चोवीस.
सर पान उलटतात, बोटाला थुंकी न लावता, भर्रकन.
प्रज्ञा खोत: साठाला एकवीस. शेकडा पस्तीस.
"हां, ही बघा."
चिकोडीला पाठवायच्या यादीत
एक नाव पेननं, एक पेन्सिलीनं.

मी तोलार होतो, सर, इथं निपाणीत,
तंबाखूच्या वखारीत, एकतीस वर्षं.
बेसबॉल कळायला मला दोन मोसम लागले.
वजन पहिल्यापासून कळतं.

ऐका की.
चार वाईट चेंडू ती सोडते
आणि चालत पहिल्या बेसवर जाते,
ओढणीनं घाम पुसत, बाजारला निघाल्यागत.
तुमच्या ॲव्हरेजात हे चालणं बसत नाही.
हिट नाही, आउट नाही, त्या बासष्टातही नाही.
पंचवीस वेळा ती अशी गेलीय
आणि पंचवीस वेळा तुमच्या लेखी
ती मैदानावर आलीच नाही.
ते धरा: सत्त्याऐंशीत चाळीस.
शेकडा सेहेचाळीस.
प्रज्ञा? बासष्टात तेवीस. सदतीस.

"पण प्रज्ञानं तीस धावा आणल्या."
आणल्या, सर. गाडीनं पोती आणली
म्हणून पोती गाडीनं भरली का?
तिसापैकी अठरा वेळा बेसवर आधी कोण उभं होतं
ते शेजारच्या रकान्यात आहे. हिरव्या शाईनं.

प्रज्ञाला कमी लेखत नाही मी.
दोनदा तिचा चेंडू उसाच्या फडात गेला,
हुडकायला दोन पोरं आणि एक कुत्रं लागलं.
म्हणून लांब फटक्यांचा आकडा वेगळा काढला,
दोन्ही आकडे एकात मिळवले
आणि रात्री झोप आली नाही:
पाला आणि काडी
मी एकाच पारड्यात घातली होती.

पुन्हा बसलो. चालत गेली तर इतकं,
एका बेसचा फटका, त्याहून जरा जास्त,
फडातला म्हणजे चालण्याच्या तिप्पट.
चौपट धरायचा मोह होतो, धरू नये.
दोन मोसमांच्या धावांवरून मी वजनं पाडली,
शेर, पावशेर, छटाक.
मग दोघींना घातलं.
दर खेपेला प्रज्ञा केसभर जड भरते.

केसभर.

आता खरं सांगतो.
बायकांना विड्यांसाठी तंबाखू तोलून देताना
तंबाखूच्या पारड्याच्या कडेवर माझा अंगठा असायचा, पायाचा.
मालकानं सांगितलेलं, मी शिकलेलो.
तेवढ्यातच हजार भरायच्या,
वर छाट निघाली तर ती त्यांच्या अंगावर.
नसीमाची आई रांगेत तिसरी.
बोलायची नाही काही.
सगळ्या काट्याकडं बघायच्या, ती माझ्या पायाकडं.

वहीला पण अंगठा असतो, सर.
शॉर्टस्टॉपच्या हातातून सुटलेला एक चेंडू,
मी तिथं "चूक" लिहिलंय.
"हिट" लिहिलं तर कोण विचारणार?
काल रात्री पेन्सिल तिथवर गेली होती.

सकाळी नसीमा आली, वहीत डोकावली.
"काका, ह्यो रकाना कशाचा?"
न मारलेल्या चेंडूंचा.
"त्याचं काय करत्यात?"
अजून कुणी काही करत नाही, म्हटलं.
"मग कशाला लिवताय?" म्हणाली
आणि माझी पेन्सिल केसात खोचून
सरावाला गेली. मागायचं राहिलं.

तिचं नाव यादीत अजून पेन्सिलीतच आहे ना?
वही नेताय तर अख्खी न्या,
पान फाडून नको.
एकोणिसाव्या पानावर खोडलेलं दिसेल,
खाली पुन्हा "चूक" लिहिलेलं.
अक्षर माझंच आहे.